समोरची व्यक्ती दादा की ताई हे कळत नसेल तर हाक कशी मारायची?

कोनाडा:
मंडळी, एक प्रश्न आहे आणि मला त्याचं कामाला येईल असं उत्तर हवंय. मी लोकांच्या चौकशीला उत्तरं देणाऱ्या एका कक्षात आहे, निम्मं काम फोनवर आणि निम्मं समोरासमोर खिडकीवर. लवकरच नवीन मुलंमुली रुजू होतायत आणि त्यांना लोकांशी बोलायचं कसं हे शिकवायचं माझ्याकडे आलंय. बाकी सगळं जमेल, पण आवाजावरून किंवा दिसण्यावरून बाई की पुरुष हे ज्यांच्याबद्दल कळत नाही त्यांना काय म्हणायचं यावर आमच्यातच एकमत नाही. एक सहकारी म्हणतात सरळ सर म्हणा, चुकलं तर समोरचा सांगेल. दुसऱ्या म्हणतात काहीच म्हणू नका. तिसरे म्हणतात 'सर-मॅडम' असं एका दमात म्हणून टाका, ज्याचं त्याने आपापलं उचलावं. माझं मत असं की मराठीत आदर दाखवायला सर, मॅडम, दादा, ताई लागतातच असं नाही. पण मग नक्की काय बोलायचं? तुम्ही रोजच्या व्यवहारात काय बोलता ते सांगा, शक्यतो अख्खी वाक्यं सांगा.

टकळी:
'अहो' आहे की! पुरुषाला अरे, बाईला अगं, आणि अहो सगळ्यांना. वेगळं शोधायचंय कशाला.

नुसताच_वाचक:
गर्दीत 'अहो' म्हणून बघा, लग्न झालेले जेवढे पुरुष असतील तेवढे वळून बघतील :)

वेलांटी:
हाहा. पण टकळी यांचा मुद्दा एकदम पक्का आहे आणि तो 'अहो'पुरताच नाहीये. मराठीत एकेरी बोललं की लिंग दिसतं आणि आदराने बोललं की बऱ्याच ठिकाणी ते गळूनच जातं. 'तू कुठे जातोस' की 'जातेस', 'तू आलास' की 'आलीस', इथे बोलणाऱ्याला काहीतरी एक निवडावंच लागतं. 'तुम्ही कुठे जाता', 'तुम्ही कधी आलात', 'तुम्ही बसा' यात निवडायला काही उरतच नाही. हिंदीत ही सोय नाही, तिथे आप म्हटलं तरी पुढे 'जा रहे हैं' की 'जा रही हैं' हे येतंच.

खरी अडचण विशेषणांची आहे. 'तुम्ही एकटे आलात का' की 'एकट्या'? 'उभे का' की 'उभ्या का'? 'तुम्ही कुठले' की 'कुठल्या'? असे बदलणारे शब्द बाजूला ठेवायचे. 'सोबत कोणी आहे का?', 'बसून घ्या ना', 'गाव कोणतं आपलं?' असं म्हटलं की बोलणं अडत नाही आणि कोणाला वेगळं काही केलंय असं वाटतही नाही.

खडूफळा:
वेलांटी, सगळं मान्य, पण 'आलात' किती जण म्हणतात हो? माझ्या वर्गातली मुलं आणि त्यांचे पालकसुद्धा 'तुम्ही आले का', 'तुम्ही आल्या का' असंच बोलतात. शेवटचा त गेला की लिंग परत आलं. म्हणजे नवीन लोकांना शिकवायचं असेल तर तो त शिकवा. 'आलात का', 'बसलात का', 'निघालात का'. एवढ्या एका अक्षराने अर्धा प्रश्न सुटतो, आणि ते मराठी ऐकायलाही छान वाटतं.

कोनाडा:
हे फारच उपयोगी आहे! आमच्याकडेही 'आले का / आल्या का' असंच चालतं. लिहून घेतेय.

जुनापोस्टमन:
मी आता निवृत्त आहे पण आयुष्य लोकांशी बोलण्यातच गेलं, म्हणून लिहितो. ते 'काहीच म्हणू नका' मला अजिबात पटत नाही. हाक नसलेलं वाक्य कोरडं लागतं. 'कागद द्या' आणि 'दादा, कागद द्या' यात फरक आहे की नाही? वयस्कर माणसाला तर तो फारच जाणवतो. मला फोनवर कोणी चुकून ताई म्हणालं तर मी दुरुस्ती करेन आणि विसरून जाईन, पण 'ओ, ऐका' म्हणालेलं माझ्या मनात राहतं. व्याकरणात आदर बसवलाय हे वेलांटीताईंचं खरं आहे, पण सामान्य माणूस व्याकरण ऐकत नाही, तो हाक ऐकतो.

माझी सूचना, सगळ्यांना 'साहेब' म्हणा. दादासाहेब, भाऊसाहेब आहेत तसे आईसाहेब, वहिनीसाहेब, आक्कासाहेब, बाईसाहेबही आहेत. तो शब्द फक्त पुरुषांचा कधीच नव्हता.

भिंगरी:
पोस्टमनकाका, पण तिथे आई, वहिनी, आक्का हे शब्द पुढे आहेत म्हणून ते बाईला लागू होतं. नुसतं 'साहेब' म्हटलं की डोळ्यापुढे पुरुषच येतो. आणि खिडकीवर बसलेल्या मुलीने दिवसभर सगळ्यांना साहेब साहेब करायचं हेही मला आवडत नाही, आदर दोन्ही बाजूंनी असतो, तिलाही कोणीतरी नीट बोललं पाहिजे.

टकळी:
मग माऊली? वारीत लहान पोरापासून बंदोबस्ताच्या पोलिसापर्यंत सगळ्यांना माऊलीच म्हणतात, बाई की पुरुष हा प्रश्नच येत नाही. शब्द आईचा आणि तो आपण ज्ञानेश्वरांना लावतो. इतका सगळ्यांना सामावून घेणारा शब्द दुसरा कुठला नसेल.

खडूफळा:
वारीत गोड वाटतं कारण तिथे समोरचाही परत माऊलीच म्हणतो. खिडकीवर एकच बाजू म्हणणार, ते पाठ केल्यासारखं होईल. शिवाय फोन करणारा प्रत्येक जण त्या परंपरेतला असेलच असं नाही.

टकळी:
हम्म, तेही आहे. पण मला शब्द आवडतोच.

खर्जातला_सा:
मी बाई आहे आणि माझा आवाज लहानपणापासून जाड आहे. फोनवर मला जवळजवळ प्रत्येक जण सर म्हणतो. पोस्टमनकाका म्हणाले 'दुरुस्ती करेन आणि विसरून जाईन', ते वर्षातून एखाद्या वेळी होत असेल तर ठीक आहे. माझ्या बाबतीत ते सारखं होतं. बँकेचा फोन असेल तर त्यापुढची पायरी अशी की 'खातेदार मॅडमना फोन द्या', म्हणजे मी मीच आहे हे सिद्ध करत बसायचं. त्यामुळे 'सर म्हणा, चुकलं तर समोरचा सांगेल' हे म्हणणाऱ्या सहकाऱ्यांना एवढंच सांगा की सांगायचं काम दरवेळी त्याच त्याच माणसांवर पडतं. कोनाडा, तुम्ही फोनसाठी तरी कृपा करून सर-मॅडम काढूनच टाका.

तिसरीघंटा:
मी ध्वनीच्या क्षेत्रात काम करतो म्हणून थोडी माहिती देतो. मोठ्या पुरुषांच्या बोलण्याच्या आवाजाची मूळ कंपनसंख्या साधारण ८५ ते १८० हर्ट्झ आणि बायकांची १६५ ते २५५ हर्ट्झ अशी धरतात. म्हणजे मधला पट्टा दोघांचा सामायिक आहे. त्यात जुन्या पद्धतीच्या फोन लाईनवरून साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच भाग जातो, म्हणजे तो मूळ स्वर लाईनवर पोचतच नाही, वरच्या स्वरांवरून आपला मेंदू तो भरून काढतो. वरून वय, घसा बसणं, थायरॉइड, धूम्रपान या सगळ्याने आवाज बदलतो. वयात येणाऱ्या मुलांचा तर आठवड्याआठवड्याला. थोडक्यात फोनवरून ओळखता येतं हा आपला विश्वास वास्तवापेक्षा मोठा आहे.

भिंगरी:
बापरे, मूळ स्वर फोनवर जातच नाही हे माहीतच नव्हतं.

नुसताच_वाचक:
विषय जरा सोडून, पण मला तर लिंगापेक्षा वयाचं जास्त टेन्शन येतं. काकू म्हणावं की ताई, आजी म्हणावं की काकू. मागे एकांना मी आजोबा म्हणालो तर त्यांनी मला वीस मिनिटं आपला व्यायामाचा दिनक्रम ऐकवला.

भिंगरी:
:D खरंय, नातं लावून हाक मारली की दोन अंदाज एकदम बांधावे लागतात, लिंगाचा आणि वयाचा. दोन्ही चुकू शकतात.

पाऊलवाट:
ज्यांना बघून लोकांना हा प्रश्न पडतो त्यांच्यातलं मी एक, म्हणून जरा सविस्तर.

रांगेत माझ्या पुढच्याला 'दादा, इकडे या', मागच्या बाईंना 'ताई, थांबा जरा', आणि मध्ये माझा नंबर आला की एकदम आवाज बदलतो, 'हं, बोला'. कोणी वाईट बोललेलं नसतं. चूक होऊ नये म्हणूनच तो शब्द गाळलाय हे मला कळतं. पण गाळलेला शब्द फक्त माझ्याच वाट्याला आला की तो अख्ख्या रांगेला ऐकू जातो. जुनापोस्टमन म्हणाले की हाक नसलेलं वाक्य कोरडं लागतं, त्यात तथ्य आहे, पण मला कोरडेपणाचा त्रास कमी आणि वेगळं काढल्याचा जास्त होतो. म्हणून माझं म्हणणं इतकंच की जे ठरवाल ते सगळ्यांसाठी ठरवा. सगळ्यांना 'नमस्कार, या', सगळ्यांना 'बोला, काय मदत हवी आहे?'. फक्त शंका आली की वापरायचं वेगळं बोलणं कृपया शिकवू नका.

दुसरं म्हणजे 'तुम्ही सर की मॅडम?' असं खिडकीवर मोठ्याने विचारू नका, मागे उभे असलेले सगळे मान वर करून बघतात. विचारायचं तर नाव विचारा. 'आपलं नाव काय लिहू?', 'काय नावाने हाक मारू?' एवढं पुरतं. चौकशीला आलेल्या माणसाचं लिंग बहुतेक कामांना लागतच नाही. अर्जावर लागत असेल तर तिथे रकाना असतो, तो ज्याचा त्याला भरू द्या, आपल्या अंदाजाने आधीच भरून ठेवू नका.

आणि तिसरं, चुकलं तर एकदा 'माफ करा' म्हणा आणि पुढे चला. काही जण इतकी माफी मागतात की शेवटी मलाच त्यांची समजूत काढावी लागते आणि काम राहूनच जातं.

कोनाडा:
पाऊलवाट, तुमचे खूप खूप आभार. 'सगळ्यांसाठी ठरवा' हे आमच्या चर्चेत कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं, आम्ही सगळे 'शंका आली तर काय' याच दिशेने बोलत होतो.

खर्जातला_सा:
पाऊलवाट, रांगेचं वाचून घशात आलं. तंतोतंत.

वेलांटी:
मी पाऊलवाट यांची पोस्ट परत वाचली. एवढं सगळं स्वतःबद्दल लिहिलंय आणि त्यात स्वतःसाठी 'जातो' किंवा 'जाते' एकदाही नाही. मला कळतं, मला त्रास होतो, माझं म्हणणं, माझा नंबर. हेच दुसऱ्याबद्दल बोलतानाही जमतं. 'ते' की 'त्या' हे पद टाळलं की 'त्यांनी सांगितलं', 'त्यांना हवंय', 'त्यांचं काम' हे सगळं कोणासाठीही सारखंच आहे. 'किरण कुठे आहेत', 'किरण येतायत', 'किरण उद्या येतील' यातही काही अडत नाही. अडतं ते फक्त 'आले / आल्या', 'म्हणाले / म्हणाल्या' अशा भूतकाळात. तिथे 'म्हणाले'च्या जागी 'त्यांनी सांगितलं' वापरायचं.

चंद्रकोर:
मी ट्रान्स स्त्री आहे आणि मला इथे थोडं वेगळं म्हणायचंय. मी साडी नेसून, टिकली लावून खिडकीसमोर उभी असते तेव्हा कोणी जपून जपून 'आपण, आपण' करत ताई म्हणणं टाळलं तर मला ते टाळणंच वाटतं. मला ताई हवंय. ते ऐकायला मिळावं म्हणून मी घर सोडलं, कागदपत्रांसाठी खेटे घातले, काय काय ऐकून घेतलं. आता तुम्ही सगळ्यांसाठीच ताई बंद करणार म्हणजे मला मिळायला लागलं आणि तेवढ्यात दुकान बंद झालं. पाऊलवाट यांचं दुःख मला कळतं, पण आमच्यात सगळ्यांना एकच हवं असतं असं नाही हे त्या नवीन मुलांना नक्की सांगा.

कोनाडा:
चंद्रकोरताई, हे मला सुचलंच नसतं. मग तुमच्या मते खिडकीवरच्या मुलीने कसं ठरवावं? साडीवरून?

चंद्रकोर:
साडीवरून नको, साडी नसली तरी मी ताईच असते. पण मी बोलते ना! 'मी कालही आले होते' असं मी म्हटलं की त्यात सगळं आलं. ते ऐकून ताई म्हणा.

पाऊलवाट:
चंद्रकोर यांचं म्हणणं पूर्ण मान्य. एखाद्याने स्वतःबद्दल सांगितलं, कुठल्याही प्रकारे, तर तेच धरायचं. माझा आक्षेप अंदाज बांधण्याला आहे, ताई या शब्दाला नाही.

वेलांटी:
वा, हा तर मराठीचा मोठाच फायदा आहे. इंग्रजीत माणूस तासभर 'आय' म्हणत बोलला तरी क्रियापदावरून काही कळत नाही. मराठीत 'मी आलो', 'मी आले', 'मला वाटतं मी विसरले', बोलायला लागल्यावर एकदोन वाक्यांतच माणूस स्वतःच सांगून टाकतो. म्हणजे नवीन लोकांना शिकवायचं ते असं की सुरुवात 'नमस्कार, बोला' अशी करा, आधी ऐका, संबोधन नंतर.

भिंगरी:
थांबा थांबा, कोल्हापूर-सांगलीकडे बायकाही 'मी येतो', 'मी जातो', 'मी आलो' म्हणतात. माझ्या दोन्ही मावश्या तसंच बोलतात. त्यांना लगेच दादा म्हणाल तुम्ही!

वेलांटी:
बरोबर, ते सांगायचं राहिलं. 'आले', 'जाते' ऐकलं तर खात्रीने ताई म्हणायला हरकत नाही. 'आलो', 'जातो' ऐकलं तर फोनवर लगेच दादा म्हणू नये, नाव विचारावं. आणि त्यातूनही शंका राहिली तर नुसत्या 'तुम्ही'ने अख्खं काम पार पडतं.

खर्जातला_सा:
फोनवर मी 'बोलतेय' म्हणते तरी पलीकडून सरच. ऐकायची सवय लावणं हेच मोठं काम आहे कोनाडा, वाक्यं पाठ करून घेणं सोपं.

कलमदान:
कायद्याच्या बाजूने थोडं. सर्वोच्च न्यायालयाने नालसाच्या (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या) खटल्यात १५ एप्रिल २०१४ ला दिलेल्या निकालात तृतीयपंथी व्यक्तींना वेगळी कायदेशीर ओळख मान्य केली आणि आपलं लिंग कोणतं हे ठरवण्याचा हक्क त्या त्या व्यक्तीचा आहे असं म्हटलं. त्याआधी २००९ मध्ये मतदार यादीत 'इतर' हा पर्याय आला होता. २०११ च्या जनगणनेत 'इतर' या रकान्यात सुमारे ४.८८ लाख लोकांची नोंद झाली. पुढे २०१९ चा पारलिंगी (ट्रान्सजेंडर) व्यक्ती हक्क संरक्षण कायदा आला, तो १० जानेवारी २०२० पासून लागू आहे, आणि त्यात सार्वजनिक सेवांमध्ये भेदभाव करायला मनाई आहे. दादा-ताईबद्दल कायदा काही सांगत नाही. पण समोरच्याचं लिंग आपण बघून ठरवायचं नाही, त्याने सांगितलेलं धरायचं, हे जे चंद्रकोर आणि पाऊलवाट दोघांनी लिहिलंय त्याच पायावर तो २०१४ चा निकाल उभा आहे.

नुसताच_वाचक:
ई-मेलचं काय करता? स्नेहल, शीतल, किरण, सुहास, हर्षल, ही नावं मी दोन्हीकडे बघितली आहेत. 'प्रिय सर/मॅडम' मधली ती तिरपी रेघ मला फार वाईट दिसते, नाव माहीत असूनही माणूस ओळखत नाही असं सांगितल्यासारखी.

कलमदान:
त्याला मराठीत छान जुनी सोय आहे. 'मा. किरण अमुक यांस, सप्रेम नमस्कार.' यांस, यांना, यांच्याकडे, हे सगळं स्त्री-पुरुष दोघांनाही चालतं. श्री. आणि श्रीमती दोन्ही गाळून 'मा.' ठेवायचं. नाव माहीत नसेल तर पदाला लिहा, 'मा. व्यवस्थापक यांस'. शिवाय बाईला सौ. लिहायचं की कुमारी की श्रीमती ही भानगडही त्यात मिटते, पुरुषाच्या श्री. मधून लग्न झालंय की नाही हे आपण कधी शोधत नाही.

तिसरीघंटा:
इंग्रजीत मिस्टर-मिसच्या जागी 'मिक्स' म्हणून बिरूद आहे, २०१५ मध्ये ऑक्सफर्डच्या शब्दकोशात आलं. स्वीडिश भाषेत त्याच वर्षी 'हेन' हे नवं सर्वनाम स्वीडिश अकादमीच्या शब्दसूचीत घेतलं. मराठीतही एखादा नवा शब्द तयार करावा का?

खडूफळा:
मला गरज वाटत नाही. नवा शब्द काढला की तो आधी 'त्यांच्यासाठीचा' शब्द होईल, म्हणजे पाऊलवाट म्हणाले तेच, फक्त शंका आली की वापरायचा. आपल्या शेजारी कन्नडमध्ये 'अवरु' आणि तमिळमध्ये 'अवर' हे आदरार्थी सर्वनाम बाईलाही तेच आणि पुरुषालाही तेच. बंगालीत तर सर्वनामात आणि क्रियापदात लिंगच नाही. तरी तिथेही हाक मारताना दादा-दीदी आहेतच. म्हणजे सर्वनामाने सगळं सुटत नाही.

वेलांटी:
खडूफळा, तुम्ही 'पाऊलवाट म्हणाले' लिहिलंत :) 'यांनी सांगितलं' चाललं असतं.

खडूफळा:
अरेच्चा. पाऊलवाट, माफ करा. पाऊलवाट यांनी सांगितलं ते.

पाऊलवाट:
काही हरकत नाही, पुढे चला :)

टकळी:
आणि नपुंसकलिंग? आपण रोज म्हणतो की 'कोण आलंय बघ', 'दारात कोणीतरी उभं आहे', 'फोनवर कोण होतं?'. कोणी आहे हे माहीत नसताना मराठी माणूस आपोआप असंच बोलतो. मग हे का नको?

वेलांटी:
न दिसलेल्या माणसाबद्दल एकदम योग्य. पण माणूस समोर आल्यावर 'ते काय म्हणतंय' असं एकेरी नपुंसकात बोललं की तो अपमान होतो. लेकरू, पोर, बाळ यांना मायेने चालतं, मोठ्या माणसाला नाही. खिडकीवरून आत निरोप देताना 'कोणीतरी आलंय' एवढं ठीक, पण त्या माणसाच्या देखत 'यांना अमुक काम आहे', 'यांचं असं म्हणणं आहे' हेच चांगलं.

चंद्रकोर:
वेलांटीताईंच्या या शेवटच्या ओळी मोठ्या अक्षरात छापा. माझ्यासमोर माझ्याबद्दल 'ते आलंय बघ' असं आत ओरडलेलं मी ऐकलंय. आणि हसणंही.

जुनापोस्टमन:
चंद्रकोरताई, वाचून वाईट वाटलं. मी आधी लिहिलेल्यातलं एक अजूनही धरून आहे, की आवाजात आपुलकी पाहिजे. हाक नसेल तर 'नमस्कार' हसून म्हणायला शिकवा, समोरच्याकडे बघून म्हणायला शिकवा. शब्द गाळताना माणूस यंत्रासारखा व्हायला नको. आणि एखादे आजोबा समोर स्पष्ट आजोबा म्हणून उभे असतील, त्यांना 'या आजोबा' म्हणायलाही बंदी का? त्यांना त्याने बरं वाटतं.

भिंगरी:
बंदी नको काका, पण मग रांगेतल्या पुढच्याचं काय, तोच प्रश्न परत येतो. आजोबांनाही 'या, बसा, पाणी हवंय का?' म्हटलं तर त्यांना कमी वाटेल का?

जुनापोस्टमन:
पाणी विचारलंत तर काहीच कमी वाटणार नाही :)

कोनाडा:
सगळ्यांच्या सूचना घेऊन कच्चा मसुदा केलाय, बघा कसा वाटतो.

सुरुवात फोनवर आणि खिडकीवर एकच, 'नमस्कार, बोला, काय मदत हवी आहे?' (आधी आमच्याकडे 'मी आपली काय मदत करू शकते' असं होतं, त्यात बोलणारा मुलगा की मुलगी हेही बदलावं लागायचं, तेही गेलं.) मग 'आपलं नाव काय लिहू?'. नाव कळलं की 'किरणजी' किंवा नुसतं 'तुम्ही'. थांबवायचं असेल तर 'जरा थांबता का, बघावं लागेल'. कागद मागायचा तर 'आधीचा कागद आणलाय का?'. दूर उभ्या असलेल्यांना 'अहो, इकडे या, ही खिडकी मोकळी आहे'. स्वतःबद्दल कोणी सांगितलं तर तेच वापरायचं, ताई म्हणा म्हणाले तर ताई, सर म्हणा म्हणाले तर सर. चुकलं तर एकदा माफी आणि पुढचं काम. आत निरोप देताना 'यांना, यांचं'. आणि पुकारताना नाव घेऊन पुकारायचं, म्हणजे आपुलकी राहील.

पाऊलवाट:
सगळं छान, फक्त शेवटचं बदला. खूप जणांच्या कागदावर जुनं नाव असतं, जे आता ते वापरत नाहीत आणि जे त्यांच्या आताच्या दिसण्याशी जुळत नाही. ते नाव भरल्या हॉलमध्ये मोठ्याने पुकारलं की उठून पुढे जायचं धाडस होत नाही, लोक नंबर सोडून निघून जातात. मोठ्याने पुकारायला नंबरच बरा. नाव खिडकीवर, हळू आवाजात.

चंद्रकोर:
हो. दवाखान्यात माझं असं झालंय. मी उठलेच नाही.

जुनापोस्टमन:
पटलं. मग नंबर पुकारा, पण नंबरपुढे 'या' म्हणा. 'बेचाळीस' असं ओरडू नका, 'बेचाळीस नंबर, या' म्हणा.

कोनाडा:
बदललं. 'बेचाळीस नंबर, या.' अजून एक मदत हवीय. आमच्याकडे हिंदीत बोलणारेही भरपूर येतात आणि वर वेलांटीताई म्हणाल्या तसं तिथे आप म्हटलं तरी सुटका नाही. हिंदीसाठी कोणी वाक्यं सुचवाल का?

कलमदान:
'ने', 'को', 'का' लावून बोला, बरंच निभावतं. 'आप कहाँ जा रहे हैं' ऐवजी 'आपको कहाँ जाना है', 'आप क्या चाहते हैं' ऐवजी 'आपको क्या चाहिए', 'आप फॉर्म भर चुके हैं क्या' ऐवजी 'आपने फॉर्म भरा है क्या', आणि नावासाठी 'आपका शुभ नाम'. 'आइए, बैठिए, बताइए' हे तर सगळ्यांना चालतंच.

खर्जातला_सा:
आणि सुरुवातीला 'जी सर' म्हणायची सवय असते, ती आधी मोडा.